सचिवांच्या पोटाचा ठराव

दूध संस्थेच्या संचालक मंडळाच्या सभेत त्रिंबकरावांच्या पोटाचा विषय सर्वांत शेवटी, म्हणजे ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात निघाला. त्याआधी चारा छावणीला उसाचं वाढं कुठून आणायचं, पाण्याचा टँकर तिसरी खेप का करत नाही आणि संस्थेच्या दारावरची पाटी वाऱ्यानं पडली ती कुणी उचलायची, हे तीन विषय झाले होते. एकट्या पाटीला पाऊण तास गेला. त्रिंबकराव संस्थेचे सचिव, त्यामुळे सभेचा वृत्तांत लिहायचं काम त्यांचंच. स्वतःच्या पोटाबद्दल मंडळी काय काय बोलतात ते त्यांना खाली मान घालून सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यावं लागलं.

प्रकरण असं होतं. चार वर्षांपूर्वी त्रिंबकरावांचं वजन एकशे एकतीस किलो भरलं होतं. घरातला काटा तिथवर जात नव्हता, म्हणून संस्थेतल्या पशुखाद्याच्या पोत्यांच्या काट्यावर उभं राहून हा आकडा काढला होता आणि सगळ्या नांदूरघाट गावानं तो वाचला होता. मग औरंगाबादला एका दवाखान्यात वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जठराचा लिंबाएवढा कप्पा तेवढा कामाला ठेवला आणि खालून आतडं वर आणून त्याला जोडलं. वजन अठ्ठ्याहत्तरवर आलं. गुडघे दुखायचे थांबले, जिना चढता यायला लागला, फटफटीचं सीट पुरायला लागलं. एवढं सगळं छान झालं आणि नेमका त्या जोडावर व्रण झाला. गोळ्यांनी भरला, पुन्हा झाला. पुन्हा भरला, आणि आता तिसऱ्यांदा होऊन त्यातून रक्तही गेलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की हा जोड कापून नवा करावा लागेल. दुसऱ्यांदा पोट उघडणं पहिल्याइतकं सोपं नसतं, आत सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं असतं, हेही सांगितलं. हे शेवटचं वाक्य त्रिंबकरावांनी गावात कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि बावन्नाव्या वर्षी सचिवाला भीती वाटते हे लोकांना कळलेलं त्यांना आवडलं नसतं.

सभेत प्रत्येकाला मत होतं. विठ्ठलराव म्हणाले की पहिलं ऑपरेशन फसलं तर जे कापलं होतं तेच परत जोडून मागा, नवीन कशाला. दुसऱ्या एका संचालकाला शंका आली की कापलेला भाग दवाखान्यानं जपून ठेवला असेल का. चेअरमन अर्जुनरावांची अडचण निराळी होती. पावसानं दोन वर्षं दगा दिलेला, संस्थेनं छावणी घेतलेली, तीत सहाशे जनावरं, रोज दोनदा त्यांची हजेरी, कानातल्या बिल्ल्यांचे फोटो, तहसीलची माणसं कधीही दारात. सचिवानंच पोट धरून निघून जायचं म्हणजे अवघड होतं. ऑपरेशन छावणी उठल्यावर ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं. त्रिंबकराव म्हणाले, व्रणाला विचारून सांगतो. शेवटी वीस दिवसांची रजा मंजूर झाली, फोन चालू ठेवायच्या अटीवर. सूचक विठ्ठलराव, ठराव सर्वानुमते मंजूर.

गावातही सल्ल्यांना तोटा नव्हता. त्रिंबकराव सकाळी ओट्यावर दात घासत बसले की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून पोटाची चौकशी करी. दात घासायला त्यांना अर्धा तास लागायचा, त्यामुळे सल्लेही भरपूर मिळायचे. शेजारच्या दगडाबाई तर रोजच्या. त्यांचं म्हणणं असं, की जखमा रिकाम्या पोटालाच होतात, कौशल्याबाईनं नवऱ्याला पोटभर जेवू घालावं, बाकी सगळं थोतांड. लिंबाएवढ्या पोटात पोटभर किती मावणार, हे त्यांना चार वर्षांत कुणीच समजावून देऊ शकलं नव्हतं. छावणीवरची माणसं तोंडावर काही बोलत नसत, पण एकदा वाढ्याच्या ढिगामागून त्रिंबकरावांनी ऐकलं होतं की आपली जनावरं चारा न्हाई म्हणून वाळली, आन् सचिव दवाखान्यात जाऊन वाळून आले. ते वाक्य त्यांना चांगलंच लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी तपासण्यांसाठी नवरा-बायको औरंगाबादला गेले. डॉक्टरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दारू? नाही. दुखण्याच्या गोळ्या? नाही. तंबाखू?

या प्रश्नाची त्रिंबकराव वाटच बघत होते. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिक चढवलेलं प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. पहिल्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी तीस वर्षांची तंबाखू एका दिवसात सोडली होती. मारुतीच्या पारासमोर चार माणसांदेखत चंची आणि चुन्याची डबी विहिरीत टाकली होती. पुढे गावातली शाळा तंबाखूमुक्त झाली तेव्हा प्रमुख पाहुणे तेच होते आणि मुलांपुढे त्यांनी चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. प्रमाणपत्र त्या दिवसाचं. डॉक्टरांनी ते वाचलं, कौतुक केलं आणि तरीही लघवी तपासायला पाठवली.

अहवालात तंबाखू निघाली. थोडीथोडकी नाही, भरपूर.

डॉक्टर रागावले नाहीत, पण तारीख रद्द केली. तंबाखू चालू असताना मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही, नवा केलेला जोडही असाच सडेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्रिंबकरावांनी प्रमाणपत्र परत पिशवीत घातलं. ऑपरेशनची भीती होतीच, आता ऑपरेशन न होण्याचीही भीती आली, आणि दोन्ही भीतींपेक्षा मोठा होता तो अपमान. तपासणीच्या वेळी शेजारी एक गृहस्थ तोंडात तोबरा भरून बसले होते, त्यांची बाटली आपल्या नावावर गेली असणार, असं त्यांनी आधी मानलं. मग वाटलं, चेअरमन दिवसभर शेजारी बसून चघळतात, तो वास अंगात मुरला असेल. कौशल्याबाईंनी नवऱ्याच्या तिन्ही शर्टांचे खिसे उलटे करून पाहिले. सापडलं काय, तर जनावरांच्या कानातले चार बिल्ले. खिसे उलटे लोंबत असलेले शर्ट दोरीवर बघून त्रिंबकरावांना जेवण गेलं नाही. तसंही दोन घासांनंतर त्यांचं पोट दुखायला लागायचंच.

अर्जुनरावांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं. एवढ्या वर्षांत संस्थेवर कुणी असा ठपका ठेवला नव्हता.

“सचिवाची लघवी खोटी मंजी संस्था खोटी,” ते म्हणाले. “आजच सभा लावा.”

खास सभा लागली. मंडळी गोल करून बसली. विठ्ठलरावांनी तळहातावर चुना घेतला, तंबाखू मळली, थाप मारून धूळ उडवली आणि हात पुढे केला. तो हात एकेकापुढून फिरत गेला, प्रत्येकानं चिमूट उचलली आणि त्रिंबकरावांपुढे आल्यावर तो न थांबता पुढच्याकडे गेला. चार वर्षं असंच चाललं होतं. अर्जुनराव म्हणाले, हा बघा पुरावा, आणखी काय पाहिजे. मग त्रिंबकरावांनी आपल्याच हातानं लिहिलं की संस्थेचे सचिव हे गेली चार वर्षे कोणत्याही स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत नाहीत, असे ही सभा एकमताने जाहीर करीत आहे. खाली सात सह्या आणि संस्थेचा गोल शिक्का. सह्या करणाऱ्या सातही जणांचे गाल फुगलेले होते, हे वृत्तांतात आलं नाही.

डॉक्टरांनी ठराव दोनदा वाचला. इतक्या वर्षांत असा कागद त्यांच्या टेबलावर आला नसावा.

“ठराव चांगलाय,” ते म्हणाले, “पण लघवीनं विरोधात मत दिलंय.”

तरी माणूस भला. तुम्ही एवढं खात्रीनं सांगताय तर दोन दिवस इथंच राहा, आमच्या नजरेसमोर ठेवून पुन्हा तपासू, असं त्यांनी ठरवलं. त्रिंबकराव ताठ मानेनं भरती झाले. कौशल्याबाईंनी खाटेखाली पिशवी ठेवली. आता काय ते दूध का दूध होऊन जाऊ द्या, असं त्रिंबकराव शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला सांगून झोपले.

सकाळी ते वॉर्डातल्या बेसिनपाशी गेले. खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली, बोटावर काळी पूड घेतली आणि नेहमीसारखे निवांत दात घासायला लागले. दहा मिनिटं झाली असतील. सिस्टर औषधाची गाडी ढकलत आल्या आणि थांबल्या.

“काका, काय करताय?”

“दात घासतोय.”

“डबीत काय हाय?”

“मिसरी.”

सिस्टर बीडकडच्याच, चकलांब्याच्या होत्या. त्यांनी डबी हातात घेऊन हुंगली. “आमची आई बी लावते,” त्या म्हणाल्या. “तंबाखूच हाय की काका ही.”

त्रिंबकराव काळं बोट वर धरून उभे राहिले. आता मिसरी तंबाखूची होते हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? महिन्यातून दोनदा त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजली जाई, धुरानं सगळं घर खोकत बाहेर पळे, मग ती चुरून डबीत भरली जाई. लहानपणी त्यांच्या आईनंच त्यांच्या दातांना पहिल्यांदा बोट लावलं होतं. पण तंबाखू ही खायची गोष्ट आणि मिसरी ही दाताची गोष्ट. भाकरी खाणाऱ्याला कुणी ज्वारी खातोस का विचारलं तर तो पटकन हो म्हणेलच असं नाही. डॉक्टरांनी तंबाखू विचारली, बिडी विचारली, गुटखा विचारला. दात कशानं घासता हे कुणी विचारलंच नाही. आणि तंबाखू सोडल्यापासून तर त्रिंबकराव दातांची फारच काळजी घ्यायला लागले होते. पूर्वी सकाळी एकदा, आता सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी अर्धा तास. तोंडाला पाणी सुटायचं, ते निम्मं पोटात जायचं, थेट त्या जोडावर.

डॉक्टर फेरीला आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले नाहीत. दिवसातून किती वेळा ते विचारून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तीन महिने,” ते म्हणाले. “एकही बोट लावायचं नाही. गोळ्या चालू ठेवा. मग आत दुर्बीण घालून बघू. व्रण भरला असेल तर ऑपरेशन नको. नसेल भरला तर तेव्हा करावंच लागेल, आणि ते अवघड आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.”

दाराशी कौशल्याबाई चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आता अर्धं नाही, पूर्ण.

परतीच्या एसटीत त्या बीडपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्रिंबकरावांना वाटलं, आपण फसवलं असं हिला वाटतंय. त्यांनी मनातल्या मनात खुलासा जुळवायला घेतला. बीडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा कौशल्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “चार वरीस तुमची डाळ फडक्यातून गाळून घातली. तिखट न्हाई, तेल न्हाई. आन् सकाळी उठून माझ्याच हातानं इख भाजून दिलं तुमाला.”

“तुला काय ठावं होतं?” त्रिंबकराव म्हणाले.

“मला ठावं नव्हतं मंजी तुमचं पोट काय दुखायचं ऱ्हायलं का?”

त्रिंबकरावांना त्या क्षणी आपल्या अब्रूचं काही वाटेना, बायकोचा चेहरा तेवढा बघवेना. जुळवलेला खुलासा त्यांनी सोडून दिला.

घरी आल्यावर कौशल्याबाईंनी मिसरीच्या दोन्ही डब्या उकिरड्यात नेऊन पुरल्या, भाजायचा तवा भंगारवाल्याला दिला आणि जाहीर केलं की त्यांनी स्वतःही सोडली. त्यांना कसला व्रण नव्हता, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. पण घरात डबी राहिली तर हे हात लावणार, असा त्यांचा सरळ हिशेब. गल्लीत खळबळ उडाली. कौशल्याबाईंच्या हातची मिसरी गल्लीतल्या सगळ्या बायकांना जायची, त्यांच्यासारखी भाजणी कुणाला जमत नव्हती. दगडाबाईंनी तर डॉक्टरला वेड लागलंय असंच सांगितलं. मिसरीनं दात बळकट राहतात, हे त्यांनी पटवून द्यायचा प्रयत्न केला, तोंडात एकही दात नसताना.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात कुणी पाहुणा आला नाही ते बरं झालं. दोघांचीही डोकी दुखत होती. पेस्टनं तोंडाला फेस येई आणि समाधान काही येत नसे. पेस्टच्या नळीचं टोपण कुणी उघडं टाकलं, यावरून एकदा एवढं भांडण झालं की दगडाबाई मध्ये पडायला आल्या आणि दोघांनीही त्यांना घालवून दिलं. एका सकाळी छावणीवर कामाला असलेल्या साखराबाई शेण भरता भरता थांबल्या, कनवटीची मिसरीची डबी काढली आणि सवयीनं म्हणाल्या, “घ्या सचिव.” त्रिंबकरावांचा हात निम्म्यापर्यंत गेला. मग ते तिथून उठून जनावरं मोजायला निघून गेले. तीनदा मोजली, तिन्ही वेळा निराळा आकडा आला, तरी मोजतच राहिले.

शिवाय ठरावाचं काय, हा प्रश्न होताच. त्रिंबकरावांनी पुढच्या सभेत स्वतःहून विषय मांडला की मागचा ठराव चुकीचा आहे, तो रद्द करावा. अर्जुनरावांना हे पटेना.

“सर्वानुमते झालाय की तो,” ते म्हणाले. “कावून उकरताय? कुणी वाचणार हाय का?”

त्रिंबकराव म्हणाले, मी वाचणार आहे. त्यांनी लिहिलं की सचिव मिसरी लावत होते व ती तंबाखूच आहे. लिहिताना कान गरम झाले, पण अक्षर चांगलं आलं. सभा संपली तेव्हा विठ्ठलराव बाजूला येऊन हळूच म्हणाले की त्यांच्या बायकोचंही पोट बरेच दिवस दुखतंय, तो डॉक्टर कसा काय आहे. शाळेत मात्र फजिती झाली. त्रिंबकराव प्रमाणपत्र परत द्यायला गेले तर मुख्याध्यापक घेईनात, कारण प्रमाणपत्र परत घ्यायची कुठली तरतूदच नव्हती.

तीन महिने संपले. मे महिना तापलेला, छावणी अजून चालूच. कौशल्याबाईंनी या वेळी मोठी पिशवी भरली. पंधरा दिवस राहायची तयारी: चार लुगडी, चादर, भाकरीचं पीठ, देवाचा अंगारा. भरताना त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की लागणार नाही. त्रिंबकरावांनीही म्हटलं नाही. गेल्या काही दिवसांत पोट कमी दुखत होतं, पण ते बोलून दाखवायची दोघांचीही छाती नव्हती.

दुर्बीण आत घालण्याआधी घशात बधिर करायचं औषध फवारतात. वीसेक मिनिटांनी त्रिंबकराव बाहेर आले तेव्हा त्यांची जीभ जड झालेली होती आणि शब्द निघत नव्हता. कौशल्याबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्रिंबकरावांनी त्यांना दोन्ही हातांनी सांगितलं: नाही. ऑपरेशन नाही. पण कौशल्याबाईंना तेवढं पहिलंच दिसलं. त्या जिथं होत्या तिथं फरशीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्रिंबकराव आणखी जोरानं हात हलवायला लागले, तशा त्या आणखी रडल्या. चार माणसं जमली. शेवटी त्या चकलांब्याच्या सिस्टर धावत आल्या आणि खाली बसून त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “मावशी, व्रण भरलाय. घरी जायचंय तुमाला. रडू नका.”

कौशल्याबाईंनी डोळे पुसले, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की एवढे हात हलवायच्या ऐवजी कागदावर लिहून दाखवता आलं नसतं का, वृत्तांत लिहिता ना. त्यावर त्रिंबकरावांना काही बोलता आलं नाही, एक तर जिभेमुळं आणि दुसरं म्हणजे त्यांचेही डोळे भरून आले होते.

औरंगाबादच्या स्टँडवर गावाकडे जाणाऱ्या केजच्या गाडीला वेळ होता. उन्हानं पत्रे तापलेले. एका बाकावर बसून कौशल्याबाईंनी फडकं सोडलं. नेहमीप्रमाणे त्यांनी चतकोर भाकरी बारीक मोडून, दुधात कुस्करून वाटीत दिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. चार वर्षांत ही सवय लागली होती. कुठल्या घासाला कपाळावर आठी येते ते बघायचं आणि वाटी काढून घ्यायची.

एक घास गेला. दुसरा गेला. तिसरा.

“दुखतंय?”

“न्हाई.”

चौथा घास गेला. पाचवा गेला. त्रिंबकराव सावकाश चावत होते, कपाळ सपाट होतं. वाटी रिकामी झाली.

“आजून कुस्करू का?”

“नको,” त्रिंबकराव म्हणाले. “पोट भरलं.”

कौशल्याबाईंनी वाटी हातातून घेतली. चार वर्षं हा माणूस दुखायला लागलं म्हणून ताटावरून उठत होता. पोट भरलं म्हणून थांबलेला त्यांनी आज पाहिला, तेही चतकोर भाकरीवर. उरलेली भाकरी मांडीवर घेऊन त्या स्वतः जेवायला बसल्या, कारण सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं हे त्यांना आत्ता आठवलं. त्रिंबकराव पाण्याची बाटली धरून शेजारी बसून राहिले. केजची गाडी लागली, भरली आणि निघून गेली, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.